घरातली माणसं किती

कार्यालयात तिला सगळे चाळणीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. गाडीसाठी कर्ज मागणारा प्रत्येक अर्ज तिने लिहिलेल्या सेहेचाळीस नियमांच्या चाळणीतून जायचा. माणसाने घरी बसून अर्ज भरायचा, कॉम्प्युटरने एकेक नियम लावत खाली यायचं, आणि अर्ध्या मिनिटात उत्तर. मंजूर, नाहीतर नामंजूर. मध्ये कुणी नाही. साहेब नव्या लोकांना कौतुकाने सांगत, "आमच्याकडे वशिला चालत नाही. कारण वशिला लावायला समोर कुणी बसलेलंच नसतं."

हे नियम तिने काही हवेतून काढले नव्हते. कॉम्प्युटर येण्याआधी अकरा वर्षं ती कर्ज मागणाऱ्यांची घरं बघायला जायची. दारातल्या चपला मोजायच्या, दोरीवरचे कपडे बघायचे, हात धुवायच्या निमित्ताने न्हाणीघरात जाऊन दात घासायचे ब्रश मोजायचे. लोक पगार वाढवून सांगत आणि माणसं कमी करून सांगत. पगाराचा कागद कुणी बनवूनही आणील, पण ब्रश कोण लपवतो? पुढे साहेबांनी तिला सांगितलं, तुम्ही जे जे बघता ते लिहून काढा. तिने दोन महिने बसून लिहिलं. ते झाले नियम.

त्यातला नववा सगळ्यांत साधा. घरातली माणसं किती. घरात येणाऱ्या पैशातून माणशी ठरावीक खर्च वजा करायचा, उरलेल्यात हप्ता बसतो का बघायचं. पहिलीतल्या पोराला जमेल असं गणित. संख्या अर्जदारानेच भरायची. आणि प्रत्येक निर्णयामागे कॉम्प्युटर एक चिठ्ठी ठेवायचा, कुठल्या नियमाने काय बघितलं आणि काय म्हटलं त्याची.

एका मंगळवारी तक्रारीचं पत्र आलं. हाताने लिहिलेलं, अक्षर वळणदार. गाडी चालवायला शिकवणारे एक मास्तर होते. त्यांनी लिहिलं होतं, 'वीस वर्षं मी जगाला गाडी शिकवतोय. स्वतःच्या घरासाठी एक घ्यायला निघालो तर आपला कॉम्प्युटर नाही म्हणतो. हिशेब मी दोनदा करून पाहिला. कुठे चुकतो तेवढं कळवावं.'

चाळणीबाईने कागदावर हिशेब केला. मास्तर चुकत नव्हते. हप्ता बसत होता, वर थोडं उरतही होतं. तिने चिठ्ठी उघडली. नवव्या नियमासमोर दोन आकडे होते. अर्जात भरलेली माणसं: तीन. धरलेली माणसं: चार.

तिने दाढीला बोलावलं. दाढी म्हणजे कॉम्प्युटर सांभाळणारा पन्नाशीचा गृहस्थ. दाढी त्याने केव्हाच काढून टाकली होती, नाव तेवढं राहिलं होतं.

"तीन भरले की तीनच पुढे जातात," तो म्हणाला. "मध्ये बदलायला जागाच नाही."

"मग हे चार कुठून आले?"

त्याने तोच अर्ज पुन्हा चालवून बघितला. चार. मग एक खोटा अर्ज तयार केला, आकडे सगळे मास्तरांचे, नाव आणि पत्ता मनाने ठोकून दिलेला. तीन. थोडा वेळ तो हनुवटी खाजवत बसला, आणि खोट्या नावापुढे त्याने मास्तरांचा खरा पत्ता टाकला.

चार.

दाढीने चष्मा काढून शर्टाला पुसला. "बाई, नववा नियम पत्ता वाचतच नाही," तो म्हणाला.

"वाचत नसेल तर त्याला कळलं कसं?"

"तेच तर म्हणतोय मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला चाळणीबाई मास्तरांच्या घरी गेली. कितीतरी वर्षांनी ती असं घर बघायला निघाली होती. टायरच्या दुकानावर दुसरा मजला, जिन्यात रबराचा वास. मास्तरांनी दार उघडलं. साठीला टेकलेले, कपड्यांना कडक इस्त्री. आत त्यांची बायको कपाट पुसत होती. मुलगी कामावर गेली होती, दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर असते म्हणाले.

जुनी सवय कुठे जाते? बसायच्या आत चाळणीबाईने चपला मोजल्या. तिघांच्या. पाणी मागून ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन आली. ताटं तीन, पेले तीन. हात धुऊन आली. ब्रश तीन. घर स्वच्छ होतं, लख्ख उजेडाचं होतं, आणि तीन माणसांचं होतं.

"चूक आमच्याकडूनच झाली असणार," ती म्हणाली. "तुम्ही तीन माणसं भरलीत. कॉम्प्युटरने चार धरली."

अशा वेळी लोक चिडतात, नाहीतर हसतात. मास्तरांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी बायकोकडे पाहिलं. कपाटावरून फिरणारं फडकं थांबलं होतं.

"चार," मास्तर म्हणाले.

"हो. ते दुरुस्त करायचं म्हणून मी..."

"मागच्या वर्षीही मी एकदा अर्ज केला होता. लहान गाडीसाठी. मग आम्हीच विचार सोडला. तेव्हा किती धरली होती?"

तिने तो अर्जही बघितला होता. "तेव्हा तीन."

"महिना कुठला?"

तिने सांगितला. मास्तरांची बायको भिंतीकडे बघत मनातल्या मनात काहीतरी मोजत होती. "म्हणजे त्यानंतरच," ती म्हणाली. चाळणीबाईला नाही, नवऱ्याला.

खाली दुकानात कुणीतरी टायरात हवा भरत होतं. "तक्रार मी मागे घेतो," मास्तर शेवटी म्हणाले. "कुठे सही करायची असेल तर सांगा."

"अहो, पण हिशेब तुमचाच बरोबर आहे."

"नाही बाई. राहू द्या."

ती जिना उतरायला लागली तेव्हा मास्तरांची बायको मागोमाग बाहेर आली. दार तिने हलकेच ओढून घेतलं. फडकं अजून हातातच होतं.

"एक विचारू का," ती हळू आवाजात म्हणाली. "त्या चौथ्याचं वय वगैरे काही येतं का तुमच्याकडे?"

"नाही," चाळणीबाई म्हणाली. "नुसती संख्या येते."

"बरं," ती म्हणाली. तिचा चेहरा थोडा उतरला, आणि ती आत गेली.

कार्यालयात आल्यावर चाळणीबाईने दाढीला वर्षभराच्या चिठ्ठ्या चाळायला लावल्या. वीस हजार अर्ज झाले होते. त्यांत नऊ असे निघाले, भरलेली संख्या एक आणि धरलेली दुसरी. नऊच्या नऊ वेळा एकाने जास्त. तिने दोघांना फोन केला. पहिला, छपाईचा धंदा करणारा, भडकलाच. आमच्या घरात माणसं किती ते आम्हाला ठाऊक की तुमच्या यंत्राला, म्हणाला, आणि त्याचं चुकलं तरी काय? दुसऱ्या होत्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, एकट्या राहणाऱ्या. चाळणीबाईने त्यांना सांगितलं की तुमच्या घरात चुकून दोन माणसं धरली गेली आहेत.

"हो, बरोबर आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

तिसऱ्याला फोन करायचा तिला धीर झाला नाही.

साहेबांच्या कानावर तर घालायला हवं होतं. साहेब डबा उघडून बसले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, घास चावत.

"वीस हजारांत नऊ," ते म्हणाले. "जास्तच माणसं धरतोय ना, कमी नाही? मग आपलं काय नुकसान? झाला तर फायदाच."

"साहेब, नियम माझा आहे. मी सांगितलेलं नाही ते तो करतोय."

"माझी पोरंही तेच करतात," साहेब म्हणाले. "तुम्ही असं करा, दोन आकडे जुळले नाहीत की अर्ज तिथेच थांबवा आणि तुमच्या टेबलावर येऊ द्या. तुम्ही बघा आणि सोडा. गाजावाजा नको."

तसं झालं. सत्तेचाळिसावा नियम तिने त्याच दिवशी लिहिला. आकडे जुळले नाहीत तर थांब आणि विचार. महिन्याला एखादा अर्ज तिच्याकडे यायचा. स्क्रीनवर एक चौकट उघडायची, 'कोणती संख्या धरायची?' ती अर्जदाराने भरलेली संख्या टाकायची आणि अर्ज पुढे जायचा. ती कुणाला फोन करत नव्हती, कुणाच्या घरी जात नव्हती. त्या लोकांचे हप्ते वेळच्या वेळी येत होते. आठ महिन्यांत तिला त्याची सवय होऊन गेली. सकाळी आल्यावर चष्मा पुसायचा, थांबलेला अर्ज असेल तर सोडायचा, मग चहा.

नवव्या महिन्यात एके सकाळी एक अर्ज थांबलेला होता. भरलेली माणसं तीन. धरलेली दोन.

आपण उलटं वाचलं असं तिला वाटलं. तिने पुन्हा वाचलं. मग वर अर्जदाराच्या रकान्याकडे नजर गेली आणि तिचा हात माउसवरून बाजूला झाला. अर्ज तिच्या धाकट्या बहिणीचा होता.

गाडी घ्यायची म्हणून बहीण वर्षभर मागे लागली होती. "तू एवढी तिथे असून आम्हाला काय उपयोग," असं थट्टेने म्हणायची, आणि चाळणीबाई म्हणायची, "रांगेत ये सगळ्यांसारखी." ती आली होती रांगेत. बहीण दातांच्या कवळ्या बनवायची, घरातच एका खोलीत तिची भट्टी आणि साचे होते. नवरा खिडक्यांना काचा बसवायचा. मुलगी सातवीत. ती, तो आणि पोर. तीन.

नात्यातला अर्ज दुसऱ्याकडे द्यायचा, हा कार्यालयाचा सगळ्यांत जुना नियम. तो तिने मोडला. तिने दाढीला फोन करून नुसता अर्जाचा क्रमांक सांगितला आणि पुन्हा चालवून बघायला लावलं.

"दोन," दाढी म्हणाला. मग थोड्या वेळाने, "कमी झालेला पहिलाच हा. कुणाचा आहे?"

"आहे एक," ती म्हणाली.

गंमत अशी की त्या आकड्यावर काहीच अडत नव्हतं. दोन धरले काय आणि तीन धरले काय, कर्ज मंजूरच होत होतं. चौकट उघडी होती. 'कोणती संख्या धरायची?' ती तशीच उघडी ठेवून तिने बहिणीला फोन लावला.

"सगळे बरे आहेत ना घरी?"

"बरेच आहेत. का गं? तुझा आवाज असा का?"

"काही नाही. शनिवारी येते."

शनिवारी ती सकाळी नऊलाच पोचली. मेहुण्याने दार उघडलं. "या ताई," म्हणाला, "आज सूर्य कुठून उगवला?" त्याच्या हाताला खिडकीत काच बसवताना लावतात त्या लांबीचा वास होता, नेहमीचा. भाची अंथरुणातच लोळत होती. चाळणीबाईने तिच्या कपाळावर हात ठेवला. गरम, झोपेतलं, जिवंत कपाळ. "मावशी, तुझा हात गार आहे," म्हणून भाचीने तोंड फिरवलं.

चपला तीन जोड. दोरीवर तिघांचे कपडे, मेहुण्याच्या शर्टाच्या कोपराला ठिगळ. न्हाणीघरात ब्रश तीन, आणि तिघांचेही ओले. तिने ते बोट लावून बघितले, आणि बोट बघत तिथेच जरा वेळ उभी राहिली. सख्ख्या बहिणीच्या घरी असं चोरासारखं करायची वेळ आली म्हणून तिला स्वतःची लाज वाटली.

चहाला सगळे टेबलाशी बसले. गाडीचा रंग कुठला यावरून बापलेकीचं वाजलं. भाचीला लाल हवी होती. "लाल गाडी लांबून ओळखू येते," मेहुणा म्हणाला, "उधारीवाले पकडतील." तो स्वतःच हसला. त्याने दोन कप चहा घेतला. चाळणीबाईने त्याचा कप उचलून बघितला. रिकामा होता.

बहीण मात्र मधूनमधून चाळणीबाईकडे बघायची, आणि नजर मिळाली की कप उचलायची.

सोमवारी चाळणीबाईने चौकटीत 'तीन' टाकलं. टाकण्याआधी ती बराच वेळ बसून होती. दाढी एकदा येऊन दारातून परत गेला. मंजुरीचं पत्र दुपारी निघालं. त्यात रक्कम असते, हप्ता असतो, गाडीचं नाव असतं. माणसांचा आकडा कुठेच नसतो.

तीन आठवड्यांनी गाडी आली. लाल नाही, राखाडी. त्याच रविवारी सगळ्यांनी शहराबाहेरच्या तलावावर जायचं ठरलं. चाळणीबाई एक मोठं टरबूज घेऊन आली. गाडी बहीण चालवणार होती, मेहुणा तिच्या शेजारी पुढे, मागे चाळणीबाई आणि भाची. टरबुजाची पिशवी तिने दोघींच्या मध्ये ठेवली.

गाडी सुरू झाली तशी टिंग, टिंग, टिंग वाजायला लागली.

"मावशी, टरबुजाला पट्टा लाव," भाची म्हणाली. "त्याला माणूस समजतेय ती. सीटवर वजन आलं आणि पट्टा नसला की वाजते."

टरबुजाला पट्टा लावला. आवाज थांबला. सगळे हसले. मेहुणाही हसला, हसता हसता पूर्ण मागे वळला, आणि "ताई, त्याचंही तिकीट काढा," म्हणाला.

त्याचा पट्टा त्याच्या खांद्यामागे खांबाला तसाच लोंबत होता.

चाळणीबाईचं हसू ओठांवरच राहिलं. गाडीत यंत्राच्या बारीक घुरघुरीखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

"भावोजी," ती म्हणाली, "पट्टा नाही लावलात."

"बाबांच्या सीटचं वाजतच नाही," भाची म्हणाली. ती बाहेर बघत होती.

"बिघडलीय का ती?"

"दाखवून आणली शोरूमला," बहीण म्हणाली. तिची नजर रस्त्यावर होती. "तिथला मिस्त्री बसला की वाजते. काही बिघाड नाही म्हणतो."

मेहुण्याने पट्टा ओढून लावला. "कायद्याचं राज्य आहे बुवा," म्हणाला. बहिणीने रेडिओ लावला.

तलावाकाठी झाडाखाली गाडी उभी केली. भाची दार उघडून पळाली. मेहुणा पिशवी घेऊन तिच्या मागे गेला, टरबूज नळाखाली धुऊन आणतो म्हणाला. ऊन चांगलं होतं. तो उतारावरून खाली जात होता, पिशवीच्या ओझ्याने एका बाजूला कलून. त्याची सावली त्याच्या पायाशी, जशी पडावी तशी पडली होती. चाळणीबाईने तेही बघितलं.

बहीण उतरली नव्हती, मागच्या सीटवर चाळणीबाईही बसूनच होती. दोन्ही हात बहिणीने स्टिअरिंगवर ठेवले होते, गाडी बंद होती तरी.

"ताई," ती समोर बघत म्हणाली.

"काय गं?"

"तू तीनच धरलेस ना?"

चाळणीबाईने तिला काही सांगितलं नव्हतं. दाढीलाही नाव सांगितलं नव्हतं. पुढच्या आरशात बहिणीचे डोळे दिसत होते, आणि ते तिच्याकडे नव्हे, तलावाकडे बघत होते.

"हो," ती म्हणाली. "तीनच."

बहिणीने मान हलवली. "कधी कुणी विचारायला आलं," ती म्हणाली, "तर तीनच सांग."

चाळणीबाईला पुष्कळ विचारायचं होतं. कधीपासून, हे तर विचारायचंच होतं. पण टायरच्या दुकानावरच्या त्या घरात मास्तरांची बायको ज्या आवाजात बोलली होती, तोच आवाज तिने आता ऐकला होता, आणि त्या आवाजाला काय विचारावं ते तिला सुचलं नाही.

"सांगेन," ती म्हणाली.

खालून भाची ओरडली, की सुरी घरीच राहिली. मग टरबूज घरीच कापू म्हणून सगळं तसंच परत गाडीत आलं. भाची मागे बसली, ओलं टरबूज तिने मांडीवर घेतलं. मेहुणा पुढचं दार उघडून आत बसला, दार ओढलं, पाय लांब केले. पट्ट्याकडे त्याचं लक्ष गेलं नाही.

बहिणीने किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.

चाळणीबाई कान देऊन बसली होती. बहीणही थांबली होती, हात गिअरवर, मान थोडी कलती करून. दोघी ऐकत राहिल्या.

मग बहिणीने गाडी हळूच रस्त्यावर घेतली.